क्वांटम सिम्युलेशन: अ‍ॅनालॉग की डिजिटल?

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागात क्वांटम गतिकीवरील व्याख्यान ऐकायला बसणाऱ्या विद्यार्थ्यासमोर क्वांटम सिम्युलेशन, म्हणजे एका क्वांटम प्रणालीचे वर्तन ताब्यातल्या दुसऱ्या क्वांटम प्रणालीवर अभ्यासणे, अ‍ॅनालॉग पद्धतीने करावे की डिजिटल, हा प्रश्न हमखास उभा राहतो. पंचगंगेच्या पुराचा अभ्यास नदीची लहान प्रतिकृती बांधून करावा, की काळाचे तुकडे पाडून पायरीपायरीने गणित मांडावे, असाच काहीसा हा फरक आहे. साध्या संगणकाची अडचण उघड आहे: ५० स्पिनांची (वर किंवा खाली अशा दोन स्थिती असलेल्या कणांची) अवस्था पूर्णपणे नोंदवायला २ चा ५० वा घात, म्हणजे १ वर १५ शून्यांहूनही अधिक संख्या लागतात.

अ‍ॅनालॉग पद्धतीत अतिशीत अणूंनाच पदार्थाची भूमिका दिली जाते. २००२ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी लेझर प्रकाशाच्या जाळीची खोली (अणूंना धरून ठेवण्याची ताकद) वाढवून रुबिडियमचे अणू अतिप्रवाही (घर्षणाविना वाहणाऱ्या) अवस्थेतून मॉट विसंवाहक (अणू आपापल्या जागी अडकून बसलेल्या) अवस्थेत नेऊन दाखवले. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने ५१ अणूंच्या रांगेत अचानक बदल घडवला, तेव्हा मूळ मांडणी विस्कटून न जाता पुन्हा पुन्हा परतताना दिसली, आणि हे कोणाला फारसे अपेक्षित नव्हते. मात्र यंत्राला जो हॅमिल्टोनियन (प्रणालीची ऊर्जा आणि वाटचाल ठरवणारे सूत्र) जमतो, त्याच्या आसपासचेच प्रश्न त्याला विचारता येतात.

क्वांटम संगणकावर पायरीपायरीने चालणाऱ्या डिजिटल पद्धतीला ही मर्यादा नाही. भौतिकशास्त्रज्ञ सेथ लॉइड यांनी १९९६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, स्थानिक परस्परक्रिया असलेली कोणतीही प्रणाली तिच्यात बसते. परंतु पायऱ्या बारीक केल्या की गेटांची, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूलभूत क्रियांची, संख्या वाढते आणि गोंगाट, म्हणजे लहानसहान चुका, साचतो. त्यामुळे अनेक कणांची गतिकी पाहायची असेल, तर माझा कल तूर्त अ‍ॅनालॉगकडे आहे.