ईआरपीनेक्स्ट काजू कारखान्याला चालते, पण आधी गोदामवाल्याशी बोला

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिशोब चोख बसतो. गोदामात काजूची बी किती, ड्रायरमध्ये काय, ग्रेडिंगच्या टेबलावर गर किती, हे मात्र वहीत राहते. वेंगुर्ले-कुडाळकडचा काजू कारखानदार साठा, खरेदी-विक्री आणि हिशोब एकत्र सांभाळणाऱ्या ईआरपीनेक्स्टकडे वळतो तो याच कारणाने. सॉफ्टवेअर मुक्त-स्रोत आहे. स्वतःच्या सर्व्हरवर बसवले तर माणसामागे लायसन्सचे पैसे नाहीत. जीएसटीसाठी इंडिया कंप्लायन्स हे वेगळे अ‍ॅप जोडावे लागते. स्क्रीन मराठीत करता येते, पण बरेच शब्द इंग्रजीच राहतात. म्हणून गोदामात मराठी-इंग्रजी शब्दांचा एक पानाचा तक्ता चिकटवलेला बरा.

एवढे झाले सॉफ्टवेअरचे. पण ते रुळणार की नाही हे ठरते बसवण्याआधीच्या महिन्यात. डेमो बघायला मालक आणि अकाउंटंट बसतात. गोदामवाला आणि ग्रेडिंगची सुपरवायझर बाहेरच. पुढची बहुतेक भांडणे इथेच पेरली जातात.

पहिले भांडण एककाचे. आयात बी ८० किलोच्या पोत्यात येते, गावठी बी सुट्या किलोत, गर जातो १० किलोच्या डब्यात. मूळ एकक किलोच ठेवा, पोते आणि डबा रूपांतराने जोडा. एकदा व्यवहार पडले की आयटेमचे (सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या नोंदीचे) मूळ एकक किंवा बॅच (लॉटवार नोंद) ठेवायची की नाही हे सहज बदलता येत नाही. नवा आयटेम उघडून साठा तिकडे वळवावा लागतो. मालक म्हणतो ‘पोत्यात धरा’. पोती प्रत्यक्षात किती भरतात हे गोदामवाल्याला ठाऊक असते.

दुसरे भांडण घटीचे. ओली बी आवारात वाळली की वजन उतरते. खरेदीचे वजन आणि वाळवणानंतरचे वजन अशी दोन वजने घ्यायची नसतील, तर साठा पहिल्याच आठवड्यात जुळणार नाही आणि संशय येईल गोदामवाल्यावर. मान्य घट किती टक्के, ती कोण नोंदवणार आणि त्यावर सही कोणाची, हे लेखी ठरवून घ्या. ऋण, म्हणजे शून्याखालच्या, साठ्याला परवानगी देणारी सेटिंग बंद राहू द्या. ती चालू केली की चुका दिसत नाहीत, साचतात.

खरी कसोटी ग्रेडिंगची. १०० किलो बीमागे साधारण २५ ते ३० किलो गर निघतो आणि त्यातून डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२०, पाकळी, तुकडा अशा डझनभर ग्रेड पडतात. (३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर.) ईआरपीनेक्स्टचे बीओएम (माल बनवायला काय किती लागते त्याची यादी) एका मुख्य तयार मालाभोवती बेतलेले आहे; इथे ते ओढूनताणून बसते. त्यापेक्षा स्टॉक एन्ट्रीतला (साठ्याच्या हालचालीच्या नोंदीतला) ‘रिपॅक’ प्रकार बरा, एका बाजूला बी आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या ग्रेड. मात्र तयार माल एकाहून जास्त असला की प्रत्येकाचा दर हाताने भरावा लागतो. सगळ्यांना किलोमागे एकच दर लावला तर तुकडा तोट्यात दिसतो आणि २१० वर फुगवलेला नफा. विक्रीभावाच्या प्रमाणात खर्च वाटायचा का, आणि ते प्रमाण किती दिवसांनी बदलायचे, हा निर्णय मालकाचा. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यावर तो सोडू नका.

सीएंना एकच बैठक पुरते, पण ती आधी हवी. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या बीवर नोंदणीकृत खरेदीदाराला रिव्हर्स चार्जने जीएसटी भरावा लागतो. व्यापाऱ्याकडून घेतली तर तसे नाही. त्यामुळे पुरवठादारांची यादी बागायतदार आणि व्यापारी अशी दोन गटांत फोडूनच आत घ्या. एकाच माणसाची ‘भाऊ’, ‘भाऊ वेंगुर्ले’ आणि ‘भाऊ काजू’ अशी तीन खाती टॅलीत असतातच. ती साफ करायला आठवडा धरा.

मुहूर्ताचेही बघा. अकाउंटंटला १ एप्रिल हवा असतो, पण तेव्हा बी ऐन भरात असते आणि वजनकाट्यापुढे रांग लागलेली असते. जुलैत भातलावणीमुळे कामाला बायका कमी आणि वीज बेभरवशाची, पण खरेदी आटोपलेली असल्याने पोती मोजता येतात. जून-जुलैत तयारी करून १ ऑगस्टला सुरुवात केली तर गणपती लवकर आले तरी तीन आठवडे हातात राहतात. वर्षाच्या मधे सुरुवात म्हणजे ३१ जुलैची ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि येणी-देणी बिलवार लागतात, हे अकाउंटंटला जूनमध्येच सांगा.

त्याआधी तालीम: सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या प्रतीत १० पोत्यांचा एक खरा लॉट काट्यापासून डब्यापर्यंत चालवा. नोंदी ज्याच्या त्याने करायच्या, मागे उभे राहून दुसऱ्याने सांगायचे नाही. दशावतारात संवाद आयत्या वेळी सुचतात आणि रंगतात. काट्यावर तसे होत नाही. लॉट कुठे अडला ते लिहून ठेवा, दुरुस्त करा, पुन्हा चालवा. दुसऱ्यांदाही गोदामवाला वहीच आधी उघडत असेल, तर तारीख पुढे ढकला.

कोटेशन घेताना हे तयारीचे दिवस वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेने मागा. ‘ट्रेनिंग समाविष्ट’ एवढेच लिहिलेले असेल, तर बहुधा ते सुरू झाल्यानंतरचे दोन दिवस असतात.