‘पासची हमी’ घेऊन मी काय विकत घेतले

नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे सीसीएनपी एंटरप्राइझ हे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र मिळवायचे तर दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली ‘एनकोर’, १२० मिनिटांची, आणि दुसरी आपण निवडलेल्या विषयाची. एनकोर मी रीतसर अभ्यास करून पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालो होतो. दुसरी परीक्षा म्हणून मी प्रगत राउटिंगची, म्हणजे नेटवर्कमधल्या माहितीला मार्ग ठरवून देण्याच्या तंत्राची, ‘एनार्सी’ निवडली, ९० मिनिटांच्या त्या परीक्षेत एकदा नापास झालो, आणि त्या नापासाची खंत मनात ताजी असतानाच एका मेसेजिंग गटातल्या माणसाने मला गाठले. त्याच्याकडे ‘व्हॅलिड डंप’ होता आणि पासची लेखी हमी होती. नापास झाल्यास पूर्ण रक्कम परत मिळणार होती. डंप म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न, हे मला माहीत नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. आपण केवळ सराव करणार आहोत, अशी मी माझी समजूत घातली होती.

पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर भरायचे होते, संस्थेच्या नव्हे. फाइल फक्त त्यांच्याच प्रोग्राममध्ये उघडत होती आणि तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागत होता. एवढ्यावर तरी मी थांबायला हवे होते. (तो लॅपटॉप पुढे पूर्ण पुसून नव्याने बसवावा लागला, पण ते नुकसान त्यातल्या त्यात किरकोळ.)

संचातला एक प्रश्न मला अजून शब्दशः आठवतो. दोन राउटरमधले ओएसपीएफचे नाते ‘एक्सस्टार्ट’ अवस्थेत अडकले आहे, कारण कोणते? (ओएसपीएफ ही राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत, आणि ‘एक्सस्टार्ट’ ही त्या देवाणघेवाणीच्या सुरुवातीची पायरी.) संचातले उत्तर होते, दोन्ही बाजूंचा हॅलो टायमर, म्हणजे ‘मी आहे’ असा संदेश किती सेकंदांनी पाठवायचा ती वेळ, वेगळा असणे. मला ते पटेना, म्हणून रात्री व्हर्च्युअल लॅबमध्ये दोन राउटर जोडले. एका बाजूचा हॅलो टायमर १० सेकंदांऐवजी १५ केला, तर शेजारचा राउटर थोड्याच वेळात यादीतून नाहीसाच झाला. अडकण्याचा प्रश्नच आला नाही. मग टायमर पूर्ववत करून एका इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार, १५०० बाइटवरून १४०० वर आणला, ओएसपीएफची प्रक्रिया नव्याने सुरू केली, आणि ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ ही कमांड लिहिताच एका राउटरवर ‘एक्सस्टार्ट’ आणि दुसऱ्यावर ‘एक्सचेंज’ अशी अवस्था दिसली. कारण एमटीयूतली तफावत हेच होते. मी दोन्ही राउटरवरच्या पडद्याची छायाचित्रे विक्रेत्याला पाठवली. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: “प्रत्यक्षात काहीही असो, परीक्षेत हेच उत्तर बरोबर धरतात.”

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बाजूला सारून चुकीचे उत्तर पाठ केले, आणि हा एकच प्रश्न नव्हता. ओएसपीएफचे मार्ग ईआयजीआरपी या दुसऱ्या राउटिंग पद्धतीत आणताना मूळ मेट्रिक, म्हणजे मार्गाचे सुरुवातीचे मोजमाप, दिले नाही तर ते मार्ग पोहोचतच नाहीत, ही प्राथमिक गोष्टसुद्धा त्या संचात उलटी दिलेली होती.

दुसऱ्या प्रयत्नात मी पहिल्यापेक्षा वाईट रीतीने नापास झालो. परीक्षेत काय विचारले होते ते येथे लिहिणार नाही, कारण प्रश्न उघड न करण्याचा करार प्रत्येक उमेदवार परीक्षा सुरू होण्यापूर्वी मान्य करतो. एवढे मात्र सांगता येईल की, जिथे राउटरच्या कमांड लाइनवर स्वतः काम करून दाखवायचे असते तिथे ‘उत्तर क’ हे पाठांतर कोणत्याही उपयोगाचे नसते. निकालपत्रात विभागवार टक्केवारी असते, कोणता प्रश्न चुकला ते नसते. त्यामुळे संच चुकीचा होता हे कागदावर सिद्ध करण्याची सोय नव्हती, आणि हमी देणाऱ्याला ते पुरते ठाऊक होते.

हमीनुसार मी निकालपत्र पाठवले. आधी उत्तर आले की संच नुकताच बदलला आहे, पाच दिवसांची सक्तीची प्रतीक्षा संपली की नवा संच घेऊन पुन्हा बसा. मी पैसेच परत मागितले तेव्हा खरी अट पुढे आली: परीक्षेतले आठवतील तेवढे प्रश्न पर्यायांसह लिहून द्या, मग रक्कम परत. संच कुठून येतात आणि त्यांतली उत्तरे इतकी चुकीची का असतात, हे मला त्या क्षणी उमगले. माझ्यासारखाच कोणी नापास झालेला उमेदवार परतफेडीच्या आशेने प्रश्न लिहून देतो, उत्तर त्यालाही येत नसते, विकणाऱ्याला तर नेटवर्किंगच येत नसते, आणि मधल्या मधे कोणीतरी अंदाजाने एका पर्यायावर खूण करतो. बरोबर उत्तर माहीत असलेला माणूस या साखळीत कुठेच नसतो.

मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याने माझेच निकालपत्र मला परत पाठवले, माझे नाव आणि उमेदवार क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसत होते, आणि खाली विचारले होते: “तुम्ही डंप घेतला हे सिस्कोला कळवू का?” कराराचा भंग सिद्ध झाल्यास निकाल रद्द होऊ शकतो, आधीची प्रमाणपत्रे काढून घेतली जाऊ शकतात आणि पुढील परीक्षांना बंदी येऊ शकते. म्हणजे धोक्यात होती ती एनकोर, जी मी प्रामाणिकपणे मिळवली होती. निकालपत्र त्याच्या हाती मीच दिले होते. तक्रार करायची तर आधी स्वतःचा कबुलीजबाब द्यावा लागतो, आणि हा धंदा नेमका याच अडचणीवर उभा आहे.

मी त्याला उत्तर दिले नाही, पैसेही पाठवले नाहीत, सगळा संवाद जपून ठेवला आणि गट सोडला. त्यानंतर त्याने आणखी दोनदा संदेश पाठवले. एनकोरचे यश सीसीएनपीसाठी तीन वर्षेच ग्राह्य असते, त्यातले बरेचसे संपले आहे. सध्या रोज रात्री तेच दोन राउटर जोडून बसतो, आणि फोन वाजला की अजूनही आधी क्रमांक पाहतो.