एमएम 540 ला डीआय इंजिन: 13 महिने आणि 12,400 किलोमीटरनंतर

आवाजापासूनच सुरू करतो, कारण बाकी सगळ्याची सवय होते, त्याची होत नाही. माझ्या जुन्या जीपला डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन बसवून घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात निघालो. किल्ली फिरवली तसे शेजारचे काका गच्चीतून वाकून विचारतात, "काय मालक, मळणी कुणाची काढली?" बायकोचं म्हणणं तर असं, की गाडी आसरा चौकात आली की तिला स्वयंपाकघरात कळतं आणि ती भाकरी तव्यावर टाकते. थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

गाडी 1994 ची महिंद्रा एमएम 540, आतलं मूळ इंजिन प्युजोचं, 2112 सीसी. गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे. काम ठरलेलं: जुळे सोलापूर ते मंद्रूपच्या पुढचं शेत, आठवड्यातून चार फेऱ्या. मध्येच तुळजापूर, अक्कलकोट, वर्षातून एकदा कोकणाकडे. प्युजो इंजिन चालायला फार सुरेख होतं, जीपच्या मानाने मऊ. पण दोन वर्षं धूर वाढत गेला, ॲव्हरेज नऊच्या घरात आलं आणि एका उन्हाळ्यात पाणी कमी पडून हेडला तडा गेला. हेड, लायनर-पिस्टन, क्रँक, पंप असं सगळं करून घ्यायला 80 हजारांच्या आसपास अंदाज निघाला, वर पार्टसाठी पुण्या-मुंबईला फोन करत बसायचं. तेव्हा डीआयचा विचार डोक्यात आला.

ज्यांना जीपची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महिंद्राच्या जुन्या जीपच्या नावापुढे डीपी किंवा डीआय लागायचं. डीपी म्हणजे प्युजोवाली आणि डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनवाली. प्युजोमध्ये डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं, तिथे पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. त्यामुळे जळण मऊ होतं, पण त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खातात आणि गार इंजिनाला सकाळी हीटर द्यावा लागतो. डीआयमध्ये नोझल डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत मारतं. उष्णता वाया कमी जाते, म्हणून डिझेल कमी लागतं. एकदम भडकतं, म्हणून ठकठक जास्त. म्हणजे ॲव्हरेज आणि आवाज एकाच कारणातून येतात. साउंडप्रूफिंगच्या शीट चिकटवून मी चार हजार रुपये घालवले तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझं इंजिन एमडीआय 3200, 2523 सीसी. लोक याला ट्रॅक्टरचं इंजिन म्हणून हिणवतात. मुळात ते महिंद्राच्या इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं आहे, तेव्हा हिणवणाऱ्यांचं फारसं चुकत नाही. आमच्या भागात मात्र त्याचा फायदाच आहे. महिंद्राच्याच कमांडर आणि मार्शल जीपच्या जमान्यात वडापवाल्यांनी ही इंजिनं लाखांनी किलोमीटर पळवली, त्यामुळे नोझल, गॅस्केट, वॉटर पंप मोहोळ-बार्शीतसुद्धा मिळतो आणि कुठलाही मिस्त्री डोळे झाकून हात घालतो. मॅटाडोरचं इंजिन बसवा असंही दोघांनी सुचवलं होतं. ते जास्त गुळगुळीत आहे हे खरं, पण कंपनी वेगळी, इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधली प्लेट लेथवर बनवून घ्यायची आणि कागदांची कटकट निराळी. ते सोडून दिलं.

कागदांचं एवढंच सांगतो: आधी आरटीओची लेखी परवानगी, मगच गाडीला पाना. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 च्या निकालात हेच ठासून सांगितलं आहे. माझ्या बाबतीत इंधन तेच, कंपनी तीच, म्हणून गाडी पुढे सरकली. तरी चार हेलपाटे झाले. इंजिनाचं बिल, ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद, नंबरचा ठसा हे सगळं लागलं. नवा इंजिन नंबर आरसीवर चढल्यावर विमा कंपनीलाही कळवलं. ज्यांची गाडी पेट्रोलची आहे त्यांनी माझ्या अनुभवावर जाऊ नये. इंधनच बदलायचं तर ते प्रकरण वेगळं, आधी आरटीओत जाऊन बसा.

इंजिन घेताना मी एकदा फसलो. विकणाऱ्याने "लायनर-पिस्टन नवीन, मालक, हात लावायचं काम नाही" म्हणून शपथ घेतली. मिस्त्रीने चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. फुसफुस करून वाफ बाहेर येत होती आणि हात काढला तर तळव्यावर काळ्या तेलाचे बारीक ठिपके. "रिंगा नव्या असत्या तर एवढा दम खाली आला असता का?" एवढंच म्हणाला. म्हणजे झिजलेल्या रिंगांमधून सिलिंडरमधला वायू खाली तेलात उतरत होता. पाच हजार इसार गेला. दुसरं इंजिन मात्र खोलून, क्रँक मोजून, मगच घेतलं.

आता खरा मुद्दा, जो मला तीन मिस्त्रींपैकी एकानेच सांगितला. पहिल्या दोघांचं म्हणणं होतं, बेल हाऊसिंग (इंजिन आणि गियरबॉक्स जोडणारं कवच) डीआयचं घ्या, माउंटिंग बदला, गाडी सुरू. अशोक चौकाकडचा म्हातारा मिस्त्री, घरात तेलुगू आणि गॅरेजात मराठी बोलणारा, त्याने मात्र गाडीखाली जाऊन मागच्या डिफ्रन्शियलचं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गियरच्या पेटीचं, झाकण उघडलं, बोट लावून दात मोजले आणि म्हणाला, "त्रेचाळीस-आठ. इंजिन बसंल मालक, पण गाडी बोंबलंल."

हिशोब सोपा आहे. आतल्या मोठ्या गियरला, क्राउनला, 43 दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला 8, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाच्या बाजूचा दांडा जवळपास 5.4 वेळा फिरणार. प्युजो वरपर्यंत फिरणारं इंजिन, त्याला हे चालतं. डीआयचा दम मिनिटाला 3200 फेऱ्यांना संपतो. 6.00-16 मापाच्या टायरवर टॉप गियरमध्ये 3200 म्हणजे ताशी 80, आणि तेही इंजिन पार पिळून. मग कसलं ॲव्हरेज? म्हणून 39-8 ची जोडी टाकली. त्याच 3200 ला आता 88 पडतात, आणि मी चालवतो त्या 60-65 च्या वेगाला इंजिन निवांत असतं. फोर व्हीलची गाडी असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफ्रन्शियलमध्ये एकच जोडी लागते. एकीकडे जुनी, एकीकडे नवी ठेवून फोर व्हील टाकलं तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गियरपेटीचा) जीव जातो. पुढची जोडी मिळायला पाच आठवडे लागले, तोवर गाडी दगडांवर उभी.

यातून एक गंमत झाली. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येते, म्हणजे डिफ्रन्शियलच्या अलीकडून. जोडी बदलली तरी मीटरला त्याचा पत्ताच नाही. गाडी खरोखर 110 किलोमीटर जाते तेव्हा मीटरवर 100 पडतात. पहिले दोन महिने मी मीटर बघून ॲव्हरेज काढत होतो, 12.1, 12.2, आणि मनात मिस्त्रीला शिव्या घालत होतो. मग विजापूर रोडवर किलोमीटरचे दगड मोजत गेलो, फोनशी ताडून पाहिलं आणि उलगडा झाला. खरं ॲव्हरेज 13.4 आहे. टाकी गळ्यापर्यंत भरून, त्याच पंपावर, अकरा वेळा काढलेली सरासरी. हायवेला 60 ने गेलो तर 14.5 पर्यंत गेलंय, शेतातल्या चिखलात 10 वर येतं. आधी 9.2 होतं.

पैशांचं बोलू. इंजिन 62 हजार. पंप-नोझल कॅलिब्रेशनसकट 11 हजार. दोन्ही क्राउन-पिनियन, जुन्या पण चांगल्या, 18 हजार. क्लच, माउंटिंग, पाइप, सायलेन्सरचं काम 14,500. मजुरी 17,500. रेडिएटर 7 हजार, त्याची कथा पुढे येते. कागद, फी, येणंजाणं 4 हजार. एकूण 1,34,000, त्यात बुडालेला इसार आणि शीटचा मूर्खपणा धरलेला नाही. डिझेल 91 रुपये धरलं तर आधी किलोमीटरला 9 रुपये 90 पैसे जायचे, आता 6 रुपये 80 पैसे. वाचतात 3 रुपये 10 पैसे. 12,400 किलोमीटरमध्ये साडेअडतीस हजार वाचले. पूर्ण खर्च वसूल व्हायला 43 हजार किलोमीटर, म्हणजे माझ्या चालवण्याने साडेतीन वर्षांहून जास्त. नुसतं ॲव्हरेज वाढवायला कुणी चालतं इंजिन काढणार असेल तर मी नको म्हणेन. माझं इंजिन तसंही 80 हजार मागत होतं, म्हणून वरचे 54 हजारच मी या बदलाच्या नावावर लिहितो. ते साडेसतरा हजार किलोमीटरला फिटतील. तुमचं जुनं इंजिन किती मागतंय त्यावर सगळं आहे.

पहिला मे महिना वाईट गेला. सोलापूरचा मे काय असतो ते सांगायला नको. दुपारी दीड वाजता सहा माणसं घेऊन तुळजापूरचा घाट चढत होतो, सेकंड गियर, आणि टेम्परेचरचा काटा चढायला लागला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून अर्धा तास उभे. आई सावलीला बसून म्हणाली, "देवीनं बोलावलंय, पण चालत यायला सांगितलंय वाटतं." नंतर पाहिलं तर रेडिएटरची जाळी आतून गाळाने निम्मी बंद. पण मुख्य दोष वेगळाच होता. नव्या इंजिनाचा पंखा रेडिएटरपासून जुन्यापेक्षा लांब बसला होता, मध्ये चांगला वीतभर मोकळा. पंखा समोरून हवा ओढायचं सोडून बाजूची, इंजिनानेच तापवलेली हवा फिरवत बसायचा. रेडिएटरचा कोअर, म्हणजे ती जाळी, नवा टाकला आणि पत्रेवाल्याकडून पंख्याभोवती गोल कडं करून घेतलं, पात्यांना बोटभर जागा सोडून. यंदाच्या एप्रिलमध्ये त्याच घाटाला, त्याच वेळी, काटा मधोमध राहिला. इंजिन बदलणाऱ्याने हे कडं पहिल्याच दिवशी करून घ्यावं, हजार-बाराशेचं काम आहे.

शेतात मात्र मजा आहे. आमची जमीन काळी रेगड. दोन दणके पाऊस झाला की बांधावरून चालताना चपलेला दोन-दोन किलो माती चिकटते, टायरची नक्षी तर पाच मिनिटांत दिसेनाशी होते. प्युजोला चिखलात रेस द्यावी लागायची, आणि रेस दिली की चाक जागेवर फिरून खड्डा करायचं. डीआयला फोर व्हीलच्या लो गियरमध्ये सेकंड टाकून पाय काढून घ्यायचा. इंजिन नुसत्या आयडलवर धडधडत, बैलासारखं मान खाली घालून ओढत राहतं. सप्टेंबरात शेजाऱ्याचा कांद्याचा टेम्पो वाटेतच रुतला होता, बाजार समितीत रात्रीच पोचायचं होतं. दोर बांधला, लो-फर्स्ट, ॲक्सिलरेटरला पाय न लावता टेम्पो वर. मी माझ्या इंजिनाचं कौतुक तोंडावर करत नाही, पण त्या रात्री केलं.

थरथरीचा हिशोब वेगळा मांडावा लागेल. 13 महिन्यांत बॅटरीचा ट्रे तडकला, हेडलाइटचे तीन बल्ब गेले, एक आरसा गळून पडला, सायलेन्सरचा फ्लॅंज दोनदा वेल्डिंगला गेला. बाजारातलं स्वस्त माउंटिंग रबर दहा आठवड्यांत फाटलं. कंपनीचं टाकल्यावर थरथर निम्म्याने कमी झाली, ते आधीच घ्यायला हवं होतं. दर महिन्याला पाना घेऊन खालचे नट-बोल्ट आवळतो, चार-पाच तरी ढिले निघतातच. इंजिन वजनाला जड, म्हणून नाक खाली गेलं होतं, पुढच्या कमानींना एकेक पाटा वाढवला. आणि ब्रेक अजून चारही चाकांना ड्रमचेच आहेत. गाडी 88 जाते म्हणून मी नेत नाही.

लांबच्या प्रवासाला ही गाडी आता बायको नको म्हणते. पुण्याला जाताना टेंभुर्णीपर्यंत गप्पा बंद झालेल्या असतात आणि इंदापूरच्या पुढे डोकं धरतं. कोकणवारी यंदा एसटीने झाली. वयस्कर माणसं रोज बसणार असतील, किंवा गाडी मुख्यतः हायवेला असेल, तर प्युजोच दुरुस्त करा, चार पैसे जास्त गेले तरी. रोज पन्नास-साठ किलोमीटर, निम्मा कच्चा रस्ता, मागे खताची पोती, असं असेल तर डीआय.

सध्या दोन कामं शिल्लक आहेत. क्रँकच्या मागच्या सीलमधून रात्रभरात रुपयाएवढा तेलाचा डाग पडतो, दिवाळीनंतर गियरबॉक्स उतरवू तेव्हा ते होईल. आणि स्पीडोमीटरचा तो बारका गियर, दात बदललेला, अजून मिळालेला नाही. तोवर डॅशबोर्डवर खडूने "+10" लिहून ठेवलंय. धाकटा लेक वाढदिवसाचं वयही आता त्याच हिशोबाने सांगतो.