काकींचा डबा, पर्वरी: वरच्या मजल्यावरच्या मिशनरी आजी-आजोबांसकट रिव्ह्यू

पर्वरीत घरगुती डबा शोधणाऱ्यांसाठी लिहितेय. आमच्या गल्लीतल्या काकींचा डबा आमच्याकडे बरेच दिवस चालू आहे, चव एक नंबर आहे, पण चांगली चव गोव्यात ढिगाने मिळते हो, डबेवाल्याची खरी परीक्षा गिऱ्हाइकाच्या नखऱ्यांत होते. आणि काकींच्या यादीतलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे अमेरिकन आजी-आजोबा, म्हणून हा रिव्ह्यू माझ्यापेक्षा त्यांच्याच डब्याचा जास्त आहे.

दोघं सत्तरीच्या आसपास, युटा राज्याकडचे, लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या ख्रिस्ती चर्चचे सीनियर मिशनरी. छातीवर नावाची काळी पट्टी लावून फिरतात. आता मिशनरी म्हटलं की आपल्या गोंयकारांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या झग्यातला पाद्री येतो, इथे तर नवरा-बायको जोडीने हजर, सोसायटीत आधी नुसता गोंधळ. "पाद्री लग्न कसो करता गो?" हे मला विचारलं कोणी तर शेजारच्या ख्रिश्चन आंटीनेच! तर त्यांच्यात अशी रीत आहे की मुलं मार्गी लागली, नोकरी संपली की नवरा-बायको अर्ज करतात आणि सहा महिन्यांपासून २३ महिन्यांपर्यंत कुठेतरी सेवेला जातात, तेही पदरचे पैसे घालून, पगार वगैरे काही नाही. काकींच्या सासूबाईंनी मात्र आडपडदा न ठेवता विचारलं, बाटवूंक आयल्यात काय? गोव्यात हा प्रश्न येणारच, इतिहासच तसा आहे. मी एवढंच सांगेन की आमच्याशी त्यांनी धर्माचा विषय स्वतःहून कधी काढला नाही. दारोदार फिरायचं काम म्हाताऱ्या जोडप्यांकडे नसतंच म्हणे, ह्यांच्याकडे कागदपत्रं, हिशेब, कोणी आजारी असेल तर भेटून येणं, आणि तरुण मिशनरी पोरांच्या फ्लॅटवर जाऊन किचन स्वच्छ आहे का बघणं. हे शेवटचं काम आजी फार मन लावून करतात.

डब्याचं ठरवायला मी त्यांना काकींकडे घेऊन गेले तेव्हा काकी चहाचे कप भरूनच बाहेर आल्या. हे दोघं चहा घेत नाहीत, कॉफी नाही, दारू-तंबाखू तर नाहीच नाही, १८३३ सालापासूनचा त्यांचा नियम आहे. आता गोव्यात दारू नको म्हणणारा माणूस खपून जातो, पण दारात आलेला पाहुणा चहा नको म्हणतो म्हणजे यजमानाचा चेहरा पडतो ना. काकींचाही पडला, पण अर्धा मिनिटच. "चायेची पूड नाका न्हू? मागीर कसाय चलता?" म्हणत आत गेल्या आणि धणे-जिऱ्याचा कसाय, वर दूध, गूळ, असा घेऊन आल्या. आजींनी वास घेतला, दोनदा विचारून खात्री केली की ह्यात चहाचं पान नाही, मग सगळा संपवला. तेव्हापासून त्यांच्या डब्याबरोबर अधूनमधून कसायाच्या पुडीची बाटली जाते आणि काकी त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत, आम्हाला मात्र लावतात (काकी, वाचत असाल तर बघा जरा).

त्यांचा आठवडा डब्यावरून कळतो. सोमवारी त्यांची सुट्टी, म्हणजे कपडे, झाडलोट, बाजार, घरी चिठ्ठ्या असली कामं उरकायचा दिवस, आणि काकींकडे सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, त्यामुळे मुगागाठी किंवा अळसांद्यांचं तोणाक, नशीब असेल तर खतखतें, ती आपली मिसळीची भाजी. आजोबांना खतखतें इतकं आवडतं की मासे नसल्याचं त्यांना दुःखच नाही. मधल्या दिवसांत कधी कोणाला हॉस्पिटलात भेटायला, कधी मिशनच्या कामाला बाहेर, तेव्हा सकाळी सातच्या आत काकींना मेसेज जातो की दुपारचा डबा संध्याकाळी द्या. सातलाच का, तर तेव्हा युटात आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल असतो, त्याआधी आजी सगळी कामं उरकून बसतात. थंडीत तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, मग कॉलसाठी आमच्या डोक्यावरची खुर्ची आठला सरकते. शुक्रवारी म्हापशाचा बाजार ते चुकवत नाहीत, येताना केळी आणतात, आणि चौरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, सोडून दिसेल ते.

खरी गंमत शनिवार-रविवारची. रविवारी ते काही विकत घेत नाहीत, बाहेर जेवत नाहीत, आपल्यासाठी दुसऱ्याला राबवणंही त्यांना पटत नाही. पण काकींचा सगळ्यात भारी डबा असतो रविवारी, सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी), तळलेली विसवण (सुरमई), सगळं. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती ठीक आहे, रविवार कट. काकींनी काय केलं, शनिवारी संध्याकाळी मातीच्या भांड्यातून थोडं जास्त हुमण पाठवायला लागल्या आणि सांगितलं, उद्या मंद आचेवर आटवा आणि पावाबरोबर खा. म्हणजे आपली कालची कोडी! जी खायला आपण घरी मुद्दाम हुमण उरवतो, ती ह्यांच्या नियमात अशी बसली की त्यांच्यासाठीच बनवली असावी. रविवारी दोन तासांची प्रार्थना करून आले की जिन्यात आटलेल्या नारळाचा वास येतो आणि मी माझ्या ताज्या डब्याकडे बघून हळहळते.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी मात्र त्यांचा उपास. दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीही नाही, आणि त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी देतात. काकी आधी साबुदाणा घेऊन तयार होत्या, निर्जळी म्हटल्यावर एकदम आदर वाढला, "आमच्या हरताळकेसारखं की हो" म्हणाल्या. मग त्या रविवारसाठी शनिवारी जाणारं जास्तीचं हुमण बिलातून वजा करते म्हणाल्या तर आजोबा म्हणाले वजा करा पण आकडा वेगळा लिहून द्या, तेवढेच पुढे द्यायचे आहेत. काकींच्या वहीत आता प्रत्येक महिन्याला त्यांच्या पानावर ती एक ओळ लाल पेनाने असते, मी बघितलीय.

माशांचं सांगायचं तर सुरुवातीला काट्यांची भीती म्हणून फक्त मोरी (छोटा शार्क) आणि विसवण जायची. एकदा काकींचा मुलगा डबा द्यायला आला आणि आजोबा बांगड्याकडे हताश होऊन बघत होते, तर त्याने तिथेच हात धुतले, पाठीवर बोटाने एक रेघ ओढली, वरचं मांस बाजूला सारलं आणि शेपटीकडून मधला काटा धरून अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. आता आजोबा स्वतः करतात, वेळ लागतो पण काटा अख्खा निघतो. तिरफळाच्या बाबतीत मात्र कोणी सांगायला विसरलं आणि आजींनी ते चावलं, जीभ बधीर, त्यांना वाटलं काहीतरी रिअ‍ॅक्शन आली. तेव्हापासून त्यांच्या डब्यातली तिरफळं काकी वेचून काढतात.

आणि त्या तपासणीवाल्या पोरांचं राहिलंच. फ्लॅटवर नुसत्या नूडल्सची पाकिटं सापडल्यावर आजींनी त्यांनाही डबा लावून दिला. त्यातला एक हैदराबादकडचा, त्याला काकींचं हुमण फिकं लागतं! म्हणजे एकाच घरातून वर कमी तिखट आणि तिकडे ज्यादा मिरचीचं लोणचं असा कारभार चालू आहे.

आता तक्रारी. वेळ हा काकींचा वीक पॉइंट, साडेबाराचा डबा सव्वाला येतो, हायवेवर फ्लायओव्हरचं काम चालू होतं तेव्हा तर विचारायलाच नको. वरणाच्या पुडाचं झाकण सैल आहे, सांगून दमले, अजून गळतंच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा ताजे मासे कमी आणि सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) जास्त, मला चालते, वरच्या आजींनी मात्र त्या वासाने दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या. चतुर्थीला आठवडाभर बंद आणि हे आदल्या दिवशी सांगतात, हे बरोबर नाही, ज्यांचं घर इथे नाही त्यांनी अचानक काय करायचं.

शिवराक डबा १२०, मासे असले तर १६०, महिन्याचं बिल महिनाअखेर, डबे स्टीलचे आणि धुऊन परत द्यायचे. तिखट, मीठ, वेळ, उपास जे काही असेल ते पहिल्याच दिवशी सांगा, काकी वहीत लिहून घेतात आणि लिहिलेलं पाळतात. पूल ओलांडून पणजीला डबा जात नाही, कितीही मस्का मारलात तरी.