कॉमन लॉन्ड्री रूम, पर्वरी: मशीन मस्त, भांडणं फुकट

गोव्यात पर्वरीला भाड्याने स्टुडिओ किंवा वन बीएचके बघायला गेलात की ब्रोकर आजकाल हमखास सांगतो, खाली कॉमन लॉन्ड्री आहे मॅडम, मशीन घ्यायची गरजच नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये ती आहे आणि गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी वापरतेय म्हणून हा रिव्ह्यू. बिल्डिंगचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथेच राहायचंय.

तर सोय अशी: स्टिल्ट पार्किंगच्या मागे एक खोली, आत तीन फ्रंट लोड मशीन, दोन ड्रायर, एक सिंक आणि घड्या घालायला कडप्प्याचा लांब ओटा. पैसे क्यूआर स्कॅन करून, धुण्याचे ५० आणि ड्रायरचे ७०, साबण आपापला. खोलीला खिडकी एकच आहे आणि एक्झॉस्ट फॅन कधी चालतो कधी नाही, त्यामुळे मे महिन्यात आत पाच मिनिटं उभं राहिलं तरी आपलेच अंगावरचे कपडे धुवायला टाकावेसे वाटतात.

मशीनबद्दल तक्रार नाही. आठ किलोची आहेत, दोघींचे आठवड्याचे कपडे आरामात बसतात. फ्रंट लोड असल्यामुळे टॉप लोडपेक्षा पाणी बरंच कमी लागतं आणि स्पिन एवढा जोरात होतो की पावसाळा सोडून बाकी वर्षभर ड्रायरची गरजच पडत नाही, बाल्कनीत टाकले की तीन तासात कडक. फक्त चाळीस डिग्रीच्या कॉटन सायकलला दीड-दोन तास जातात हे लोकांना कळत नाही आणि सगळ्या भांडणांचं मूळ इथेच आहे. घरची टॉप लोड पाऊण तासात मोकळी होते म्हणून माणूस त्या हिशोबाने खाली येतो आणि बघतो तर आत अजून कुणाचं तरी गरगरतंय. ऑफिसचे दोन शर्ट असतील तर तीस मिनिटांची क्विक सायकल लावा ना, ती त्याचसाठी आहे, फक्त त्यात ड्रम ठासून भरू नका, कपडे नुसते भिजून बाहेर येतात.

साबणाचं पण तेच. फ्रंट लोडला कमी फेसाचं लिक्विड किंवा मॅटिक पावडर लागते आणि तीही थोडी. आमच्याकडे काही लोक बादलीत भिजवायची साधी पावडर मुठीने ओततात, मग फेस इतका होतो की मशीन स्वतःच जास्तीचं खळबळून काढत बसते आणि सायकल लांबते. म्हणजे तुम्ही टाकलेल्या जास्तीच्या पावडरची किंमत लाईनीतला पुढचा माणूस भरतो.

आता ड्रायर. गोव्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यात. बाहेरच्यांना हे रोमँटिक वाटतं, पण इथे राहणाऱ्याला विचारा जीन्स वाळायला किती दिवस लागतात ते. पंख्याखाली खुर्च्यांवर कपडे, दाराच्या कडीला टॉवेल आणि एवढं करून सगळ्याला तो कुबट वास. डिचोलीला आमच्या घरी आई अजून चुलीच्या वर दांडीला कपडे टाकते, सगळ्याला धुराचा वास येतो पण वाळतात तरी. फ्लॅटमध्ये कुठली चूल. त्यामुळे जुलैत ओला टॉवेल कोरडा आणि गरम होऊन हातात येतो ना तेव्हा ७० रुपये काहीच वाटत नाहीत. या सोयीला मी जे स्टार देतेय त्यातले अर्धे ड्रायरचे आहेत.

पण ड्रायरमध्ये जाळी असते, लिंट फिल्टर, त्यात कपड्यांची लव साठते आणि ती दर लोडनंतर काढायची असते. काढली नाही की हवा अडते, पुढच्याचे कपडे दमट राहतात, वीज जास्त जाते आणि साठत गेली तर लव पेट घेऊ शकते, ही घाबरवायची गोष्ट नाही, ड्रायरला आग लागायच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. आमच्याकडे जाळी साफ करणारे तीन-चारच लोक आहेत आणि ते एकमेकांना ओळखतात.

यातलाच अजून एक प्रकार. एका फ्लॅटमधली मुलगी स्पामध्ये काम करते, ती तिथले मसाजचे टॉवेल इथे आणून धुवायची. पैसे भरत होती म्हणून कुणी काही बोललं नाही, पण तेल एका धुण्यात पूर्ण निघत नाही आणि तेलकट टॉवेल ड्रायरमध्ये तापवून तसेच गरम गरम ढीग करून ठेवले तर ते आपोआप पेटू शकतात. तिला कुणीतरी शांतपणे समजावलं, तिला माहीतच नव्हतं बिचारीला, दुसऱ्या दिवसापासून बंद. ग्रुपवर मोठ्या अक्षरात नियम टाकून हे झालं नसतं, दार वाजवून झालं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावरून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन महिने पेटला होता. सायकल संपलीये, कपडे आत ओले पडलेत, मालक गायब. तुम्ही काय करायचं?

एक पार्टी म्हणत होती काढून बाजूला ठेवा, मशीन काय त्यांच्या बापाची आहे का. दुसरी पार्टी, त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पुढे, म्हणत होती माझ्या कपड्यांना परक्या माणसाने हात लावायचा नाही म्हणजे नाही. आणि हे हसण्यासारखं नाही हं. परदेशात असेल सवय, आपल्याकडे बाईचे आतले कपडे एखाद्या अनोळखी मुलाने काढून ओट्यावर पसरून ठेवले तर तिला कसं वाटेल याचा विचार करा, आणि त्या मुलाला कसं वाटेल याचा पण करा, आमच्याकडे हे झालं तेव्हा तो बिचारा लिफ्टमध्ये कुणाकडे बघत नव्हता नंतर पंधरा दिवस.

शेवटी जे ठरलं ते मला पटलंय म्हणून सविस्तर लिहिते. सायकल संपल्यावर दहा मिनिटं थांबायचं. मशीनच्या दारावर फ्लॅट नंबर लिहायला छोटी पाटी लावलीये, त्यावर बघून इंटरकॉम करायचा, एकदाच. तरी कुणी आलं नाही तर तिथे ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्वच्छ टोपलीत कपडे काढायचे, ओट्यावर नाही, जमिनीवर तर मुळीच नाही. आणि ज्यांना हात लावलेला चालत नाही त्यांनी आतले कपडे जाळीच्या चेनवाल्या पिशवीत घालूनच मशीनमध्ये टाकायचे, म्हणजे दुसऱ्याच्या हाताला फक्त पिशवी लागते. ही आयडिया त्या काकूंचीच. एवढं भांडून सगळ्यात कामाची सूचना त्यांनीच दिली आणि आता जाळीच्या पिशव्या म्हापशाच्या बाजारातून त्याच घाऊक आणून सगळ्यांना देतात. मात्र पूजेचं सोवळं त्या अजूनही घरीच बादलीत धुतात, खाली आणत नाहीत, ते त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही, चांगुलपणाने सुद्धा: दुसऱ्याचे धुतलेले कपडे आपल्या मनाने ड्रायरमध्ये टाकायचे नाहीत. शेजारच्या फ्लॅटमधल्या एकाने असंच केलं, स्वतःचे ७० रुपये घालून वर, आणि त्यात होता कुणबी हातमागाचा ड्रेस. गोव्यातल्या कुणबी समाजाची लाल चौकड्यांची साडी फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी परत फॅशनमध्ये आणल्यापासून त्या कापडाचे कुर्ते ड्रेस सगळे घालतात, पण हातमागाचं सुती कापड गरम ड्रायरमध्ये आटतं. ड्रेस मालकिणीच्या भाचीला झाला. भांडताही येईना, कारण माणूस मदत करायला गेला होता. लेबलवर चौकोनात गोल आणि त्यावर फुली असेल तर ड्रायर नको, एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवलं तरी खूप.

होमस्टेवाल्यांचा विषय काढल्याशिवाय गोव्यातला रिव्ह्यू पूर्ण कसा होणार. आमच्याकडे चार-पाच फ्लॅट टुरिस्टना जातात. त्यांचे मॅनेजर सकाळी अकराला चेकआऊट झालं की सगळ्या फ्लॅटच्या चादरी टॉवेल घेऊन येतात आणि तिन्ही मशीन एकदम लावतात, म्हणजे दुपारपर्यंत बाकीच्यांनी हात जोडून बसायचं. आणि पाहुणे स्वतः आले तर समुद्रावरचे कपडे वाळूसकट टाकतात. वाळू ड्रमच्या खालच्या फिल्टरमध्ये आणि पंपात जाऊन बसते, मग पाणी बाहेर जात नाही, मशीन मधेच थांबते आणि आत कपडे बंद. केअरटेकर दादांनी एकदा फिल्टर उघडला तर आतून वाळू, दोन हेअरपिना आणि एक शिंपला निघाला, म्हणाले, कळंगुट हांगाच आयलां मगो (कळंगुटचा किनारा इथेच आलाय की). आता बाहेरच्या नळावर कपडे झटकून खळबळून मगच आत, असा बोर्ड लावलाय कोकणी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत. टुरिस्ट वाचतात की नाही माहीत नाही, पण वाळू कमी झालीये. होमस्टेसाठी एका वेळी एकच मशीन आणि रविवारी एकही नाही असा नियम केलाय, तो निम्मा पाळला जातो. माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी चादरी बाहेर कमर्शियल लॉन्ड्रीला द्याव्यात, धंदा करताय तर खर्चही करा.

रविवार. रविवार म्हणजे युद्ध. आधी दारावर कागद होता, ज्याने त्याने वेळ लिहायची, तर काही महाभाग शनिवारी रात्रीच सकाळी आठ ते बारा स्वतःच्या नावावर करून झोपायचे आणि उगवायचे अकराला. माझा मावसभाऊ गोथेनबर्गला असतो, तिकडे स्वीडनमध्ये बिल्डिंगची कॉमन लॉन्ड्री अगदी नेहमीची गोष्ट, तो म्हणाला त्यांच्याकडे बोर्डावर प्रत्येक वेळेला एक भोक असतं आणि आपलं छोटं कुलूप त्यात लावून वेळ बुक करायची, कुलूप एकच म्हणून वेळही एकच, आणि ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात आला नाहीत तर ती वेळ कुणीही घ्यायची. स्वित्झर्लंडमध्ये तर बऱ्याच बिल्डिंगमध्ये कपडे धुवायचा वारच ठरवून देतात. मी म्हटलं मग तुमच्याकडे भांडणं नसतील, तर तो हसला, म्हणाला तिथल्या भिंतीवरच्या रागाच्या चिठ्ठ्या सगळ्या देशात फेमस आहेत. मला जरा बरं वाटलं. कुलपाचं आमच्याकडे जमलं नाही पण अर्ध्या तासाचा नियम आम्ही ढापला आणि तो चालतोय.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा आठवडा मात्र कुठलाही नियम टिकत नाही, पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं, सगळी बिल्डिंग एकदम धुवायला निघते. तेव्हा पहाटे पाचला जा नाहीतर जाऊच नका. (रात्री दहा ते सकाळी सहा बंद असा नियम आहे कारण वरच्या फ्लॅटला स्पिनचा आवाज भिंतीतून जातो, पण त्या आठवड्यात कुणी काही बोलत नाही.) आणि प्रत्यक्ष चवथीला गोंयकार सगळे आपापल्या मूळ घरी जातात, बिल्डिंग रिकामी, तेव्हा इथे राहिलेल्या पुण्या-बेळगावच्या लोकांना तिन्ही मशीन मोकळी. मजा त्यांची.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. तिळारी धरणाच्या कालव्याला भगदाड पडलं की बार्देशात, म्हणजे आमच्या तालुक्यात, नळ कोरडे, मग टँकर. अशा दिवशी निम्मं भरलेलं मशीन लावणाऱ्याला दंड करावा असं मी सेक्रेटरींना लिहून दिलंय. पाणी मधेच संपलं तर साबणातले कपडे आत अडकतात. आणि लाईट गेली म्हणून मशीन बंद दिसत असेल तर कुणी सोडून गेलंय असं समजून उघडायला जाऊ नका, दार लॉक असतं, लाईट आली की आमची मशीन होती तिथून पुढे चालू होतात.

अजून एक, जे कुठल्याच बोर्डावर नाही: काम झालं की मशीनचं दार किंचित उघडं ठेवा आणि तोंडाशी असलेलं रबर पुसा. इथल्या दमट हवेत दार बंद राहिलं की दोन दिवसात रबरावर काळी बुरशी येते आणि तो वास पुढच्या लोडला लागतो.

घ्यावं का मग? एकटे असाल, दोघं असाल, घरात मशीन ठेवायला जागा नसेल तर नक्की घ्या, मशीनचे पैसे आणि दुरुस्तीची कटकट वाचते. तान्हं बाळ असेल किंवा पोरं रोज फुटबॉल खेळून लाल मातीत लोळून येत असतील तर स्वतःचीच मशीन घ्या, रोज दोनदा खाली जाऊन लाईन लावणं जमणार नाही, आणि तो लाल रंग दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला लागला तर अजून एक भांडण. फ्लॅट फायनल करायच्या आधी ब्रोकरला बाजूला ठेवून रविवारी सकाळी दहाला स्वतः लॉन्ड्री रूम बघून या, आणि किती फ्लॅट होमस्टेला दिलेत ते वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

माझे पाचपैकी साडेतीन. सोसायटीच्या वार्षिक सभेत तिसरा ड्रायर आणि चालणारा एक्झॉस्ट फॅन मागितलाय, सेक्रेटरी म्हणाले बघूया. जूनच्या आधी आला तर चार करेन.