राणी म्हणून पाठवला मुंगळा

मुंग्या पाळायला लागतं काय? एक टेस्ट ट्यूब, कापसाच्या बोळ्यामागे अडवलेलं पाणी आणि एक राणी. घरात लहान मूल, त्यामुळे डंख मारणारी जात नको, हे आधीच पक्कं होतं. विकणाऱ्याने सुतार मुंग्या, म्हणजे कॅम्पोनोटस सुचवल्या. त्यात खोट नव्हती. यांना नांगी नसते. चावतात, फॉर्मिक आम्ल सोडतात, पण आकाराने मोठ्या, निसटल्या तरी लगेच दिसतात. राणी आणि आठ कामकरी ठरल्या, पैसे आगाऊ दिले.

नळीत एक दांडगी, भल्या मोठ्या डोक्याची मुंगी आणि भोवती आठ लहान. मी खूश! सोबत निरोप: "राणी प्रवासाने घाबरलीय. अंधारात ठेवा, महिनाभर उघडू नका."

इथेच फसलो, कारण सल्ला खरा आहे. राणीला शांतता लागते, सारखं डोकावलं तर ती घातलेली अंडी खाऊनही टाकते. तक्रारीची मुदत मात्र सातच दिवसांची होती.

महिन्याने कापड काढलं. अंडं एकही नाही, तीन कामकरी मेलेल्या. मग भिंग घेऊन बसलो. हे आधी करायला हवं होतं. राणी डोक्यावरून नाही, पाठीवरून ओळखतात. तिला एकदा तरी उडायचं असतं, म्हणून उडण्याच्या स्नायूंनी तिचं वक्ष फुगीर, कुबड आल्यासारखं दिसतं. पुढे पंख गळतात, पण बुडाच्या खुणा राहतात आणि तेच स्नायू विरघळून पहिल्या पिल्लांचं पोषण होतं. माझ्या 'राणी'ची पाठ शिडशिडीत, खूण एकही नाही. मोठी कामकरी, चक्क मुंगळा! तिच्या जिवावर वसाहत वाढणं शक्यच नव्हतं. उरलेल्या पाच एकेक करून संपणार, एवढंच.

भांडभांड भांडलो तेव्हा बदली नळी आली. आत पिवळसर, जेमतेम दोन मिलिमीटरच्या मुंग्या. "त्याच कुळातल्या, एकदम सेफ, राण्याही चिक्कार आहेत." एका राणीसाठी रडवणारा चिक्कार राण्या फुकट देतो म्हटल्यावर भिंग पुन्हा काढलं. फॅरो मुंग्या! चावण्याची भीती नाही, पण घरात सुटल्या की संपलं. थोड्या कामकरी चार अळ्या घेऊन निघाल्या तरी भिंतीच्या फटीत नवी वसाहत उभी राहते. फवारा मारला तर फुटून आणखी पसरतात. रुग्णालयांत त्या रोगजंतू वाहून नेतात म्हणून बदनाम आहेत. अंगणातही सोडायची सोय नाही. नळी बोळ्यासकट फ्रीजरमध्ये ठेवली, दोन दिवस.

हल्ली कुणाकडूनही राणी घेण्याआधी तिच्या पाठीचा बाजूने काढलेला फोटो मागतो. तिघांनी त्यावर उत्तरच दिलं नाही.