टीएफटीपी की एचटीटीपी? सर्व्हर नेटवर्कवरून बूट करताना

रॅकमध्ये कोरा सर्व्हर चढवून चालू केला की तो आधी डीएचसीपीला, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेला, विचारतो: माझा आयपी कुठला आणि बूट फाइल कुठे? इथवर दोन्ही वाटा सारख्याच. फरक पडतो तो फाइल आणण्यात.

जुनी वाट पीएक्सई या नेटवर्क-बूट मानकाची, इंटेलचं २.१ स्पेसिफिकेशन १९९९चं. फाइल येते टीएफटीपी या अगदी साध्या फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलने, यूडीपीवरून (यात डेटा पोचल्याची हमी नसते). मुळात हा प्रोटोकॉल ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतो, मग पुढचा. ६० एमबीची इनिटआरडी (लिनक्स सुरू होताना लागणारी तात्पुरती फाइलसिस्टम) म्हणजे सुमारे १ लाख २३ हजार फेऱ्या. फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी दोन मिनिटं गेली! ब्लॉक साइझ वाढवता येते, पण लांबच्या लिंकवर रखडपट्टी उरतेच. शिवाय ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन.

एचटीटीपी बूट २०१५ साली यूईएफआय २.५ मध्ये, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअरच्या मानकात, आलं. टीसीपी असल्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या पोचेसाठी खोळंबा नाही. साधा एनजिनएक्स वेब सर्व्हर पुरतो, फर्मवेअरची साथ असेल तर टीएलएस एन्क्रिप्शनही. एक खोच मात्र आहे: डीएचसीपीने उत्तरातल्या ऑप्शन ६० या रकान्यात ‘एचटीटीपीक्लायंट’ पाठवावं लागतं, नाहीतर मशीन ते उत्तर सरळ दुर्लक्षित करतं. माझी एक अख्खी संध्याकाळ यातच गेली.

बायोसवाल्या जुन्या मशीनना हे जमत नाही. तिथे मी टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई या बूट प्रोग्रॅमची छोटीशी फाइल देतो. कर्नल, इनिटआरडी वगैरे जड सामान ती स्वतःच एचटीटीपीने ओढून घेते.